नाथसागरावर ओढता गळ : आरंभ कसा करावा

पैठण, गंगापूर, शेवगांव व नेवासें या तालुक्यांतील ज्या शेतकऱ्यांचीं शेतें नाथसागराच्या कांठाला लागून आहेत, त्यांच्या घरांतील कित्येक तरुण अलीकडे आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारूं लागले आहेत. परदेशांतील मोठ्या सरोवरांवर लोक चालत्या होडीमागें गळ ओढून साल्मन व ट्राउट नांवाचे मोठाले मासे धरतात. तसें आपल्या सागरावर कां करतां येऊं नये, आणि करावयाचें तर आरंभ कोठून करावा, असा तो प्रश्न आहे. औरंगपुऱ्यांत बसून या प्रश्नाचा विचार करणें आम्हांस परकें वाटत नाहीं. आमच्या शहराच्या नळांना येणारें पाणी त्याच सागराचें आहे, आणि त्या पाण्याखालीं गेलेल्या जमिनी आमच्याच बांधवांच्या होत्या.

आमचें उत्तर थोडक्यांत असें आहे : ही विद्या शिकण्याजोगी आहे, परंतु तिचा पहिला धडा आमिषें विकणाऱ्या दुकानांत मिळत नसून तो पाण्याच्या तळाशीं आहे. आणि नाथसागराचा तळ कांठच्या शेतकऱ्याइतका दुसऱ्या कोणास ठाऊक नाहीं. हें विधान कसें खरें ठरतें तें पुढें क्रमानें सांगतों.

ओढता गळ म्हणजे काय

साधा गळ एका जागीं टाकून माशाची वाट पाहावी लागते. ओढत्या गळांत मासेमार स्वतःच माशाच्या शोधार्थ निघतो. होडी माणसाच्या पायीं चालण्याच्या वेगानें, म्हणजे ताशीं तीन ते पांच किलोमीटर, चालवावयाची. तिच्या मागें वीस ते साठ मीटर दोर सोडावयाचा. आणि दोराच्या टोकास जिवंत मासोळीप्रमाणें हेलकावणारें आमिष बांधावयाचें. हें आमिष पुष्कळदां पितळेचा किंवा पोलादाचा लहानसा चमचा असतो. पाण्यांतून ओढला जातांना तो डोलतो, चमकतो व जखमी मासोळीचा भास उत्पन्न करतो. लहान मासे खाऊन जगणारा मोठा मासा त्यावर झडप घालतो व चमच्यास जडविलेल्या गळांत अडकतो. यावरून एक गोष्ट आरंभींच ध्यानांत घ्यावी कीं, ही रीत शिकारी जातींच्या माशांपुरतीच उपयोगी आहे.

थंड सरोवरांतील अनुभव

या रीतीचा मोठा प्रसार उत्तर अमेरिकेंतील मिशिगन सरोवरावर झाला. त्या सरोवराचा विस्तार सुमारें ५८,००० चौरस किलोमीटर असून सरासरी खोली सुमारें ८५ मीटर आहे. तेथील मूळचा लेक ट्राउट हा मासा, समुद्राकडून शिरलेल्या लॅम्प्रे नांवाच्या रक्तशोषक जीवामुळें व अतिरिक्त मासेमारीमुळें, विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ नाहींसा झाला. शिकारी मासा गेल्यावर एलवाइफ नांवाची बाहेरून आलेली मासोळी बेसुमार वाढली. तेव्हां मिशिगन राज्याच्या मत्स्यखात्यानें हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकारानें १९६६ सालीं कोहो व १९६७ सालीं चिनूक या जातींचे साल्मन त्या पाण्यांत सोडले. त्यांस आयतें अन्न मिळालें, ते झपाट्यानें वाढले, आणि ओढत्या गळाचा धंदा व छंद दोन्ही तेथें भरभराटीस आले. पुढें शेजारच्या ह्यूरन सरोवरांत २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ मासोळी कोसळली, तशी तेथील चिनूकचीहि पडझड झाली. जमिनीचा कस संपला कीं पीक संपतें, हा न्याय पाण्यालाहि लागू आहे.

तेथील मासेमार मासा कसा शोधतात तें पाहण्यासारखें आहे. साल्मनला दहा ते तेरा अंश सेल्सिअसचें पाणी विशेष मानवतें. उन्हाळ्यांत सरोवराचा वरचा थर तापतो व मासा खालच्या थंड थरांत उतरतो. गळ तेथवर पोंचावा म्हणून होडीच्या कडेला तारेची एक चरखी बसवितात व तारेला चार-पांच किलो वजनाचा गोळा लावतात. गळाचा दोर या गोळ्याजवळील चिमट्यांत अडकवून हवा तितका खोल नेतात; मासा लागला कीं दोर चिमट्यांतून सुटतो. ही सारी यंत्रसामग्री एकाच प्रश्नाचें उत्तर आहे : मासा आज किती खोलीवर आहे ?

आपल्याकडे ट्राउट मासा काश्मीर व निलगिरी यांसारख्या थंड प्रदेशांत बाहेरून आणून रुजविण्यांत आला. त्यास वीस अंशांच्या आंतील थंड, वाहतें व स्वच्छ पाणी लागतें. आमच्या पठारावरील उन्हाळ्याचें पाणी त्यास सोसणारें नाहीं. मुंबईच्या बाजारांत रावसाला साल्मन म्हणण्याची चाल आहे. परंतु रावस हा निराळ्या कुळांतील समुद्राचा मासा होय. यास्तव ट्राउटचें अथवा साल्मनचें बीज नाथसागरांत सोडण्याच्या गोष्टी कोणी सांगूं लागल्यास आमच्या वाचकांनीं आपला पैसा गांठीस ठेवावा. परदेशच्या माशाच्या नादीं न लागतां परदेशची शोधण्याची रीत मात्र अवश्य घ्यावी.

आपलें पाणी निराळें

जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें झाली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. धरणाची लांबी सुमारें १० किलोमीटर, दरवाजे २७, पूर्ण पातळी १५२२ फूट, एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर व त्यापैकीं उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर आहे. पूर्ण भरलेल्या पाण्याचा विस्तार सुमारें ३५० चौरस किलोमीटर होतो. साठ्यास विस्तारानें भागिलें असतां सरासरी खोली आठ मीटरांहून थोडीशी अधिक येते. म्हणजे पाणी अफाट, पण उथळ.

या एका हिशेबांतून पुष्कळ निष्पन्न होतें. अशा उथळ व वारा खाणाऱ्या पाण्यांत थंड-उष्ण थर फार काळ टिकत नाहींत. वारा सुटला कीं पाणी ढवळून एकजीव होतें. म्हणून जड गोळा, तारेची चरखी व तापमान मोजण्याचीं यंत्रें यांवर येथें खर्च करणें व्यर्थ होय. थंड सरोवरांत मासा पाण्याच्या थराप्रमाणें सांपडतो; नाथसागरांत तो तळाच्या चढउताराप्रमाणें शोधावा लागतो.

कोणता मासा गळास लागेल

कटला, रोहू व मृगळ हे आपल्या जलाशयांतील मुख्य मासे. परंतु तीं शिकारी कुळें नव्हेत. कटला पाण्याच्या वरच्या थरांतील सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरांत व वनस्पतींवर चरतो, मृगळ तळचा कुजका पालापाचोळा व चिखल चाळतो. चमच्यामागें धांवणें हा त्यांचा स्वभावच नाहीं. त्यांच्यासाठीं पिठाच्या गोळीचा स्थिर गळ किंवा जाळेंच योग्य.

ओढत्या गळाच्या उपयोगी पडणारे मासे म्हणजे शिंगाळा, मरळ व त्यांच्यासारखे मासोळ्या खाणारे इतर मासे. शिंगाळा तळालगत, खोल पात्राच्या कडेनें वावरतो. मरळ गवताळ, उथळ जागा पसंत करतो, व दबा धरून झडप घालतो. चिलापी म्हणून ओळखला जाणारा टिलापिया हा परदेशी मासा उजनीसारख्या जलाशयांत अतोनात माजला आहे व नाथसागरांतहि तो आहे. त्याचीं पिलें शिकारी माशांचें खाद्य होतात. म्हणून आमिष निवडतांना बोटभर लांबीच्या रुपेरी पिलासारखा चमचा घ्यावा.

येथें खडशीचाहि उल्लेख केला पाहिजे. जगांत महसीर या नांवानें गाजलेल्या या माशाच्या दख्खनी जातीचें शास्त्रीय वर्णन साईक्स यानें १८३९ सालीं पुण्याजवळील मुळा-मुठेच्या पाण्यांतील माशांवरून प्रसिद्ध केलें. नद्यांतून तो दुर्मिळ होऊं लागल्यावर लोणावळ्याजवळील वळवण येथें टाटा वीज कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत त्याची वीण करण्याचें काम हातीं घेतलें. असा मासा दैवयोगानें गळास लागलाच, तर त्यास पाण्याबाहेर न ओढतां गळ काढून सोडून द्यावें, हेंच शहाणपणाचें.

बुडालेल्या शिवाराचा नकाशा

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. मोठ्या पाण्याचा बहुतेक भाग गळाच्या दृष्टीनें ओसाड असतो. सपाट तळावर आसरा नसल्यामुळें मासोळ्या थांबत नाहींत, व मासोळ्या नाहींत तेथें शिकारी मासाहि नाहीं. मासा सांपडतो तो गोदावरीच्या जुन्या पात्राच्या कडेला, ओढ्याच्या मुखाशीं, बुडालेल्या बांधापाशीं, पडक्या विहिरीच्या कांठीं, जुन्या रस्त्याच्या भरावाजवळ, वठलेल्या झाडांच्या बुंध्यांत. परदेशचा मासेमार या जागा शोधण्यासाठीं ध्वनीचें यंत्र होडीला लावतो. आमच्या शेतकऱ्यापाशीं त्याहून जुनें साधन आहे. नाथसागराखालीं शंभरांहून अधिक गांवांचीं शिवारें गेलीं. त्या शिवारांतील प्रत्येक पांदण, मळा व विहीर कोणाच्या ना कोणाच्या तरी आठवणींत आहे.

शिवाय उन्हाळ्यांत पाणी हटूं लागलें म्हणजे उघड्या पडलेल्या जमिनींत गाळपेर करणारे शेतकरी त्या तळावरून प्रत्यक्ष नांगर फिरवितात. २०१६ व २०१९ सालांच्या टंचाईंत साठा मृतसाठ्याच्याहि खालीं गेला, तेव्हां तळाचा फार मोठा भाग उघडा पडला होता. अशा वेळीं इतरांस केवळ चिखल दिसतो. होऊं घातलेल्या मासेमारास तेथें पुढील दहा वर्षांचा नकाशा दिसावयास पाहिजे.

हा नकाशा पुढीलप्रमाणें करावा. प्रथम भूमि-अभिलेख कार्यालयाकडून आपल्या बुडित गांवाचा जुना नकाशा मिळतो काय तें पाहावें. नंतर गांवांतील वृद्धांस जवळ बसवून त्यांवर विहिरी, ओढे, देवळाचे ओटे, आमराया व बैलगाडीच्या वाटा मांडाव्या. उन्हाळ्यांत पाणी ओसरतांना कांठानें हिंडून ज्या दिवशीं जी वस्तू उघडी पडेल, त्या दिवशींची धरणाची पातळी तिच्यासमोर लिहावी. ही पातळी फुटांत जाहीर होत असते. समजा, एका विहिरीचा कांठ पातळी १५०५ फूट असतां उघडा पडला. तर पुढें पातळी १५१५ फूट असतां त्या कांठावर दहा फूट पाणी आहे, हें होडींत न बसतांहि कळतें. गाळ सांचून कांहीं जागा बदलतात; म्हणून दर मीटराला गांठ मारलेल्या दोरीस वजन बांधून तळ चाचपून पाहावा. एवढें काम एका हंगामांत मनापासून केलें, तर निम्मी मासेमारी साधली असें समजावें.

साहित्य व होडी

साहित्य थोडें असावें. सहा-सात फूट लांबीची लवचीक काठी, शंभर मीटरांहून अधिक तंगूस मावेल अशी चरखी, दोराला पीळ पडूं नये म्हणून आमिषापूर्वीं एक फिरती कडी, दोन-तीन प्रकारचे चमचे, गळ काढण्याचा चिमटा, मासा उचलण्याचें हातजाळें व एक धारदार सुरी, इतकें पहिल्या वर्षास पुरे. चरखीचा ताण असा ठेवावा कीं दोराच्या सोसण्याच्या शक्तीपैकीं सुमारें चौथा हिस्सा जोर लागतांच दोर सुटूं लागावा. नाहींतर मोठा मासा पहिल्याच हिसक्यास तो तोडतो. वजनासाठीं शिशाऐवजीं लोखंडी चाकी वापरावी. तुटून तळाशीं राहिलेलें शिसें बदकें खड्याबरोबर गिळतात व त्यानें त्यांस विषबाधा होते; शिवाय हें पिण्याचें पाणी आहे.

नवशिक्यानें एकच दोर सोडावा. दोर सोडण्यापूर्वीं चमचा होडीच्या कडेला पाण्यांत धरून पाहावा : तो डोलत असेल तर वेग योग्य, गरगर फिरत असेल तर वेग अधिक, नुसता लोंबत असेल तर कमी. होडी नकाशावरील कडेला समांतर न्यावी. विहिरीच्या किंवा झाडाच्या माथ्यावरून गळ नेल्यास तो अडकून तुटतो. सरळ रेषेंत न जातां नागमोडी जावें, यांत मोठें मर्म आहे. वळणाच्या आंतल्या बाजूचा गळ मंदावून खालीं बसतो व बाहेरच्या बाजूचा वेगानें वर येतो. आंतल्या वळणावर मासा लागला तर त्या दिवशीं हळू व खोल ओढावें. बाहेरच्या वळणावर लागला तर वेग वाढवावा. मासा लागतांच होडी एकदम थांबवूं नये. दोर ढिला पडला कीं गळ निसटतो.

पहांट व सायंकाळ हे प्रहर उत्तम. पुराचें गढूळ पाणी असेपर्यंत चमचा माशाला दिसत नाहीं; पाणी निवळल्यावर, म्हणजे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, शिकण्यास सोईचे दिवस असतात. प्रत्येक खेपेची तारीख, पातळी, वारा, जागा, दोराची लांबी व मिळालेला मासा वहींत टिपावा. रिकाम्या हातानें आलों त्या दिवसाचीहि नोंद करावी, कारण मासा कोठें नाहीं हें कळणें हेंहि ज्ञानच आहे.

परवानगी, शेजारधर्म व जिवाची काळजी

नाथसागर १९८६ पासून पक्षी-अभयारण्य आहे. यास्तव मत्स्यव्यवसाय खातें व वन खातें या दोहोंकडे लेखी विचारणा करून, कोणत्या भागांत, कोणत्या काळांत व कोणत्या साधनानें परवानगी आहे हें समजून घेतल्यावांचून पाण्यांत गळ टाकूं नये. परवानगी नाकारली गेल्यास तळाचा नकाशा वायां जात नाहीं. जाळें टाकणाऱ्या सहकारी संस्थेस व गाळपेर करणाऱ्यासहि तो उपयोगी आहे. हिवाळ्यांत उतरणारे रोहित व बदकांचे थवे यांतून होडी घालूं नये, आणि तुटलेल्या तंगुसाचा एक तुकडाहि पाण्यांत किंवा कांठावर सोडूं नये. पक्ष्यांचे पाय त्यांत गुरफटतात.

या पाण्यावर भोई, कहार इत्यादि मासेमार कुटुंबांचें पोट आहे. त्यांचीं जाळीं कोठें आहेत हें विचारून मगच मार्ग ठरवावा. त्यांच्या जाळ्यावरून गळ ओढणें म्हणजे उभ्या पिकांत गुरें घालणें होय. लहान आसाच्या जाळ्यांनीं पिलें उपसण्याचा जो प्रकार मोठ्या जलाशयांवर चालतो, त्यांत तर आपण मुळींच पडूं नये. आषाढ-श्रावणांतील पहिल्या पुरांत मासे विणीस निघतात. त्या काळांत अंडीभरला मासा धरणें हें बियाणें दळून खाण्यासारखें आहे.

शेवटीं जिवाविषयीं. पन्नास किलोमीटरांहून अधिक लांबीच्या या उघड्या पाण्यावर वाऱ्यास अडविणारें कांहींच नाहीं. सकाळीं आरशासारखें दिसणारें पाणी दुपारीं पुरुषभर लाटा उठवूं शकतें, व चैत्र-वैशाखांतील वळवाचें वादळ घटकाभरांत येऊन आदळतें. थर्माकोलच्या चप्पूवरून ओढता गळ कधींहि टाकूं नये. रुंद बुडाची होडी असावी, तींत दोघे असावेत, व दोघांच्याहि अंगांत तरंगतें जाकीट असावें. तें पायाखालीं गुंडाळून ठेवल्यास वेळेवर हातीं येत नाहीं. कोणत्या बाजूस जातों व केव्हां परततों हें घरीं सांगावें. पश्चिमेकडे ढग दिसतांच मासा लागलेला असला तरी दोर कापून कांठ गांठावा. धरणाचे दरवाजे, पाणी उपसण्याचे बुरूज व कालव्याचीं मुखें यांपासून सदैव दूर राहावें.

ओढत्या गळावर कोणाचा संसार चालेल असें आम्ही म्हणत नाहीं. सुगी सरल्यावरचे कांहीं दिवस, घरापुरता ताजा मासा आणि पाण्याची खरी ओळख, एवढीच त्याची प्राप्ति धरावी. परंतु त्या ओळखीची एक बाजू कालमर्यादेची आहे. पाणी चढलें तेव्हां जे वीस वर्षांचे होते, ते आज सत्तरी गांठून बसले आहेत. शिवारांतील कोणती विहीर कोठें होती, ओढा कोठून वळत होता, हें डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें दर वर्षीं कमी होत आहेत. चमचा, काठी व चरखी पुढच्या सालींहि बाजारांत मिळतील. म्हणून आमच्या तरुण वाचकांनीं प्रथम कागद व पेन्सिल घेऊन आजोबांच्या शेजारीं बसावें, आणि बुडालेलें शिवार त्यांच्या तोंडून उतरवून घ्यावें.